व्हर्च्युअल मेमरी : आभासी की मानलेली?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय की लॅपटॉपवर 'व्हर्च्युअल मेमरी कमी आहे' असा मेसेज येतोय, मराठीत तिला 'आभासी स्मृती' म्हणतात असं वाचलं, मग जी मुळात आभासीच आहे ती कमी कशी पडेल?

ताई, शंका बरोबर आहे, घोळ शब्दांनीच घातलाय. आधी मेमरीचंच बघा. आपल्याकडं बेळगावात मेमरी म्हटलं की मेमरी कार्डच डोळ्यासमोर येतं, म्हणजे फोटो-गाणी ठेवायची जागा. माझ्या खानापूरच्या मावशीनं फोन अडकायलाय म्हणून लग्नातले फोटो उडवले खरं फोन होता तसाच (बाहेरच्यांसाठी : आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'). फोटो असतात स्टोरेजमधे आणि तिथं अपुरी पडत होती रॅम, म्हणजे चालू कामाची जागा, जी फोन बंद केला की रिकामी होते. गंमत म्हणजे इंग्लंडात पूर्वी मेमरीला 'स्टोअर' म्हणायचे. मँचेस्टरच्या १९६२ च्या ॲटलस कॉम्प्युटरमधे व्हर्च्युअल मेमरीची युक्ती आली तेव्हा तिचं नाव होतं 'वन लेव्हल स्टोअर', कारण लहान फास्ट मेमरी आणि मोठा स्लो ड्रम (माहिती साठवायचं फिरतं चुंबकी पिंप) मिळून प्रोग्रामला एकच कोठार दिसायचं. ते नाव टिकलं असतं तर आपणही स्मृतीच्या नादी लागलो नसतो.

आता युक्ती. खडेबाजारातलं कापडाचं दुकान घ्या, कपाटं भरली की कमी खपाचा माल मागं गोडाऊनमधे जातो, तुम्ही मागितलं की मालक 'आहे की' म्हणतो आणि पोरगं पळत जाऊन आणतं, तुमच्या दृष्टीनं माल दुकानातच आहे. कपाट म्हणजे रॅम, गोडाऊन म्हणजे डिस्क. फक्त हे पोरगं फार हळू, एसएसडी म्हणजे नवी फास्ट डिस्क असली तरी रॅमच्या साधारण हजारपट वेळ लागतो, जुनी हार्डडिस्क असेल तर लाखपट. कपाट फारच लहान असलं तर पोरगं नुसतं पळतच राहतं, धंदा काही होत नाही, लॅपटॉप गोठतो तो असा.

म्हणजे यात जागा कुठंच खोटी नाही. खोटा म्हणा हवं तर, तो पत्ता. प्रोग्रामला एक मानीव पत्ता दिलेला असतो आणि तो खऱ्या जागेशी जुळवायचं काम सिस्टिम करते, बहुतेक लॅपटॉपवर ४ केबीच्या तुकड्यातुकड्यानं, त्या तुकड्याला 'पान' म्हणतात. 'आभासी' शब्द आपल्याला शाळेपासून माहीत, आरशातली आभासी प्रतिमा, जी पडद्यावर पकडता येत नाही. तो इथं आणून चिकटवला की वाटतं सगळी मायाच. मला विचाराल तर 'मानलेली मेमरी' म्हणावं. मानलेला भाऊ खोटा नसतो, सख्खा नसतो एवढंच, अडीनडीला धावून येतो. 'आभासी भाऊ' म्हणून बघा कसं वाटतंय.

तर तुमचा मेसेज म्हणजे रॅम आणि गोडाऊन दोन्ही मिळून भरत आलंय. नको असलेले प्रोग्राम बंद करा, सी ड्राइव्हवर जागा करा, पेजिंग फाइलचं (म्हणजे डिस्कवरच्या या गोडाऊनचं) सेटिंग ऑटोमॅटिकच राहू द्या, आणि रोजचंच झालं असेल तर रॅम वाढवून घ्या.

मोबाइलवाला '८ + ८, सोळा जीबी रॅम' म्हणत असेल तर त्यातले आठ सख्खे आणि आठ मानलेले, तेवढं बघून पैसे द्या.