मैत्रिणीच्या वतीने त्याला मेसेज मीच लिहून देते. आता त्याला मीच आवडते अशी शंका येतेय. कोणाला काय सांगू?

बारावीत आहेस म्हणतेस, म्हणून अगं-तुगं करते. तुझा प्रश्न मला समजला तो असा: जिवलग मैत्रिणीला क्लासमधला एक मुलगा आवडतो, ती बुजरी आहे, म्हणून तिच्या फोनवरून जाणारे मेसेज तू रचून देतेस आणि कधी निरोप घेऊन स्वतःही जातेस. आता तो तिच्यापेक्षा तुझ्याशीच जास्त बोलत थांबतो. 'आणि मलाही… माहीत नाही' असं लिहून वाक्य तू अर्धंच सोडलंयस. वर ताई म्हणते, असले घोळ नाटक-कादंबऱ्यांतच होतात.

ताईचं निम्मं खरं आहे. नाटक-कादंबऱ्यांत हे इतक्यांदा झालंय की यातून सुटायचे बहुतेक सगळे मार्ग तिथे कोणी ना कोणी चालून पाहिलेत, फसलेले आणि न फसलेलेही. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझा ओढा तिकडे जाणार हे गृहीत धर.

पण आधी एक काम. मेसेज लिहून देणं आजपासून बंद कर. बाकी सगळं त्यानंतर.

का, ते सांगते. १८९७ साली पॅरिसच्या रंगभूमीवर एदमों रोस्तां याचं 'सिरानो द बेर्जराक' हे नाटक आलं. सिरानो कवी, तलवारबहाद्दर, पण नाक हे एवढं मोठं. रोक्सान त्याला आवडते, तिला आवडतो देखणा ख्रिस्तियन, आणि ख्रिस्तियनला बायकांसमोर दोन शब्द धड बोलता येत नाहीत. मग सिरानो त्याला शब्द पुरवतो. रात्री बाल्कनीखाली उभा राहून आधी कानात सांगतो, मग अंधारात त्याच्या जागी स्वतःच बोलतो. पुढे लढाईवरून ख्रिस्तियनच्या नावाने रोज पत्रं पाठवतो, तीही शत्रूचा वेढा ओलांडून.

ही गोष्ट मी वर्गात कधीमधी सांगते. अभ्यासक्रमात नाही, पण पावसाळ्यात शेवटच्या तासाला लाइट गेले की अभ्यासक्रम कोणाला हवा असतो! मुली सिरानोसाठी हळहळतात. एकदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, पण त्या ख्रिस्तियनचं काय?" इतका नेमका प्रश्न मला त्या वर्गात दुसरा कोणी विचारला नव्हता. कारण नाटकातला सगळ्यात वाईट क्षण ख्रिस्तियनच्याच वाट्याला येतो. पत्रं वाचून वेडी झालेली रोक्सान थेट छावणीत येऊन त्याला सांगते, की आता तू कुरूप असतास तरी मी तुझ्यावर प्रेम केलं असतं. तिला वाटतं, याहून मोठं ती काय देणार? त्याला मात्र त्याच क्षणी कळतं, की आपण या प्रेमात कुठे नाहीच.

तुमच्या गोष्टीतली ख्रिस्तियन म्हणजे तुझी मैत्रीण. तू तिला मदत करतेयस असं तुम्हा दोघींनाही वाटतंय. पण प्रत्येक चांगल्या मेसेजगणिक त्या मुलाच्या मनात जी मुलगी तयार होतेय ती तुझी मैत्रीण नाही. उद्या तो भेटायला आला तर बुजरी, अडखळणारी, कदाचित त्याला अजून जास्त आवडली असती अशी खरी ती समोर येईल, आणि त्याला वाटेल हिला आज काय झालं? म्हणजे तो तुझ्यात गुंतलाय की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे थांबवायलाच हवं.

आता तुझ्या शंकेकडे येऊ. ती खरी असेलच असं नाही, आणि इथे मला 'एमा' आठवते. जेन ऑस्टिनची ही कादंबरी १८१५ च्या डिसेंबरात आली. (२०१० चा 'आयशा' हा हिंदी सिनेमा तीच गोष्ट दिल्लीत आणून बसवतो. कपडे भारी आहेत, इतकंच म्हणते.) एमा विशीची, श्रीमंत, हुशार आणि आपल्याला माणसं कळतात अशी पक्की खात्री असलेली. तिची मैत्रीण हॅरिएट सतरा वर्षांची, भोळी. गावचा पाद्री एल्टन हॅरिएटवर भाळलाय असं एमा ठरवून टाकते. पुरावे काय, तर एमाने हॅरिएटचं चित्र काढलं तेव्हा तो शेजारी बसून वाहवा करत होता, आणि ते चौकट करायला स्वतः लंडनला घेऊन गेला. चित्र हॅरिएटचं होतं हे खरं, पण काढलं होतं एमाने. त्याची सगळी वाहवा चित्रकर्तीसाठी होती. हे एमाला कळतं ते नाताळच्या आदल्या रात्री, जेवणावरून परतताना बंद घोडागाडीत तो तिलाच मागणी घालतो तेव्हा.

तू म्हणशील, बघा, म्हणजे माझंच खरं, निरोप्याच आवडतो! थांब. एमाने पुरावे पाहिले नव्हते असं नाही, तिने ते आधी ठरवलेल्या गोष्टीत बसवले. तूही तेच करत असशील, फक्त उलट्या दिशेने. 'तो माझ्याशी जास्त वेळ बोलतो' याचा अर्थ तू बोलकी आहेस एवढाच असू शकतो. 'लगेच रिप्लाय देतो' याचा अर्थ त्याचा फोन हातात असतो. सतराव्या वर्षी मुलगे मैत्रिणीच्या मैत्रिणीशी जास्त मोकळे असतात, कारण तिथे काही पणाला लागलेलं नसतं. हे मी रोज कॉरिडॉरमध्ये बघते.

पण 'एमा'मधला खरा घोळ एल्टनचा नाही, त्यानंतरचा आहे, आणि तुम्हा दोघींसाठी तो जास्त कामाचा. एल्टन दुसरीशी लग्न करून येतो. हॅरिएट एक डबी घेऊन एमाकडे येते. वर लिहिलेलं, 'सर्वांत मौल्यवान ठेवा', आणि आत काय? त्याच्या कापलेल्या बोटाला लावून उरलेला चिकटपट्टीचा तुकडा आणि त्याने टाकून दिलेलं, शिसं संपलेलं पेन्सिलीचं थोटूक. ती ते एमासमोर आगीत टाकते. (एसटीची तिकिटं आणि चॉकलेटचे कागद वहीत जपणाऱ्या मुली हा उतारा ऐकून एकमेकींकडे बघत नाहीत, बाकाकडे बघतात.) काही वेळाने हॅरिएटच्या बोलण्यातून कळतं, की आता मनात दुसरं कोणीतरी आहे, आपल्या आवाक्याबाहेरचं. एमाला वाटतं, गावात पाहुणा आलेला तरुण फ्रँक चर्चिल. त्यानेच हिला रस्त्यात त्रास देणाऱ्यांपासून सोडवलं होतं. एकदा तोंड पोळलेलं असल्याने ती शहाणपणाने म्हणते, कोण ते मी विचारणार नाही, नाव आपण घ्यायचंच नाही. पण त्याने तुझ्यासाठी जे केलं त्याने मन ओढलं जाणं साहजिक आहे. हॅरिएट म्हणते, हो ना! तिच्या डोळ्यांपुढे असतात एमाच्या घरचे जुने स्नेही नाइटली. नाचाच्या वेळी एल्टनने सगळ्यांदेखत तिच्याशी नाचायचं टाळलं, तेव्हा पुढे होऊन तिच्याबरोबर नाचलेले नाइटली.

दोघी जिवलग मैत्रिणी, दोघी प्रामाणिक, आणि कितीतरी दिवस दोन वेगळ्या पुरुषांबद्दल एकच संभाषण चालू. नाव उच्चारलं जातं तेव्हा एमाला कळतं, की नाइटली आपल्यालाच हवे आहेत. एक नाव वेळेवर घेतलं असतं तर पुस्तक शंभर पानांनी लहान झालं असतं.

'मलाही… माहीत नाही' मधली ती तीन टिंबं म्हणजे तेच न घेतलेलं नाव आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

काहीच न करता थांबणं हाही एक मार्ग आहे म्हणा. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये पुरुषवेशातली व्हायोला आपल्या मालकाचे, ऑर्सिनोचे, प्रेमाचे निरोप ऑलिव्हियाकडे नेते. ऑलिव्हिया निरोप्यावरच भाळते, आणि व्हायोलाचा जीव स्वतः ऑर्सिनोवर. हा गुंता माझ्याने सुटणार नाही, काळच सोडवेल, असं म्हणून व्हायोला मोकळी होते. सुटतोही. पण कसा? बुडाला असं वाटलेला तिचा जुळा भाऊ ऐन वेळी हजर होतो आणि ऑलिव्हियाला नवरा मिळतो. तुझा जुळा भाऊ जहाजातून उतरणार असेल तर तूही थांब.

मग नीट कोण वागलं? माझ्या मते नल. महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि रघुनाथ पंडितांनी मराठीत आणलेलं नलदमयंतीचं आख्यान आजीला तोंडपाठ असेल. 'कठिण समय येता कोण कामास येतो' ही ओळ त्यातलीच, हंस सापडतो तेव्हाची. दमयंतीच्या स्वयंवराला निघालेल्या नलाला वाटेत इंद्र, अग्नी, वरुण आणि यम भेटतात, आणि काम काय ते कळण्याआधीच तो 'करतो' म्हणून बसतो. काम निघतं दूताचं: दमयंतीला सांग, आमच्यापैकी एकाला वर. नल तिथल्या तिथे सांगतो, की मीही त्याच हेतूने निघालोय, मला पाठवू नका. ते ऐकत नाहीत. शब्द दिलेला, म्हणून तो जातो आणि निरोप पुरा सांगतो. दमयंती म्हणते, मला तूच हवास. तो म्हणतो, दूत म्हणून आलोय, इथे स्वतःचं कसं साधू? ती तोड काढते: देवांना घेऊन उघडपणे स्वयंवराला ये, मी सगळ्यांसमोर निवडेन, तुझ्यावर दोष नको. आणि नल परत जाऊन चौघा देवांना हे सगळं जसंच्या तसं सांगतो. तिने मला निवडायचं ठरवलंय, हेसुद्धा.

तू करायचं ते एवढंच. मैत्रिणीकडे जा, तिच्याच घरी, गच्चीवर, कुठेही, पण समोरासमोर. 'त्याला मी आवडते' असं सांगू नकोस, कारण ते तुला माहीत नाही. माहीत आहे तेवढं सांग: मी यापुढे लिहून देणार नाही, तो माझ्याशी जास्त बोलायला लागलाय आणि त्याने मी गोंधळलेय. तुझ्याही मनात काहीतरी हललं असेल तर तेही सांग, कमी-जास्त न करता. ती चिडेल. दोन दिवस बोलणार नाही, कदाचित महिना. एमा आणि हॅरिएट शेवटी भांडत नाहीत, पण पूर्वीसारख्या राहतही नाहीत, हे तुला आधीच सांगून ठेवते. मात्र तिला हे दुसऱ्या कोणाकडून कळलं तर परतीची वाटच उरणार नाही.

चॅटचे स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नकोस, तिलासुद्धा, आणि तिसऱ्या मैत्रिणीला 'फक्त तुझा सल्ला हवाय' म्हणून तर मुळीच नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये एक तसबीर या हातातून त्या हातात गेली आणि दोन जोडप्यांची झोप उडाली. तुमच्या ग्रुपमध्ये तर फॉरवर्डचं बटण आहे.

त्या मुलाला कोण सांगणार, हे मैत्रिणीला ठरवू दे, कारण मेसेज तिच्या नावाने गेलेत. त्यालाही कळायला हवं मात्र. आपण कोणाशी बोलत होतो हे जाणून घ्यायचा हक्क त्यालाही आहे. या सगळ्यात त्याला कोणी काहीच विचारलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

राहिली ती तीन टिंबं. त्याचं उत्तर आज शोधू नकोस. मेसेज बंद झाल्यावर काही आठवडे जाऊ देत. तुला त्याची आठवण येते की रात्री दहा वाजता छानसं वाक्य सुचण्याची, ते तेव्हा कळेल. दुसरं असेल तर एक वही घे आणि स्वतःच्या नावाने लिही. तुझा प्रश्न वाचूनच कळतं, लिहितेस चांगलं. पहिलं असेल तर पुन्हा इथे विचार, पण मैत्रिणीशी बोलून झाल्यावर.