एशियाटिक लिली दुसऱ्या वर्षी फुलत नसेल तर पाणी वाढवावे का?

परभणीत कुंडीत लावलेल्या एशियाटिक लिलीला पहिल्या वर्षी फुले आली, यंदा मात्र नुसती पाने आली, म्हणून पाणी वाढवावे का, असे आपण विचारले आहे. मुळीच वाढवू नये. कंद पाण्यावाचून मरतो ही समजूत आमच्या घरातही होती आणि तिने आमचे सहा गड्डे खाल्ले.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. आमच्याकडे मे फ्लॉवरचे, म्हणजे फुटबॉल लिलीचे, दहा गड्डे होते. पाने केव्हाच वाळून गेली होती आणि वर नुसती कोरडी माती दिसत होती. थोरल्या दिरांना ते पाहवेना. भांडी घासलेले पाणी ते रोज सकाळी नेमाने त्या कुंड्यांत ओतू लागले. गड्डा झोपलेला आहे, त्याला तहान नाही, असे मी परोपरीने सांगितले आणि अखेर चार कुंड्या उचलून जिन्याखाली कोरड्या ठेवल्या. मृगाच्या सरी आल्यावर त्या उघड्यावर आणल्या, तेव्हा आठवडाभरात चारहींतून जांभळ्या ठिपक्यांचे दांडे मातीला भेग पाडून वर आले. भाऊजींच्या कुंड्या उपड्या केल्या, तर गड्ड्याला बोट लावताच ते आत गेले, आणि वास असा की कुंडी गल्लीत नेऊन ठेवावी लागली.

आपल्या काळ्या मातीत पाणी धरून राहते, म्हणून तिच्यात निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. एशियाटिक लिलीचे खरे दुखणे मात्र निराळे आहे. तिला पुन्हा फुलण्यासाठी दीर्घ थंडी लागते आणि ती मराठवाड्याच्या हिवाळ्यात मिळत नाही. माझे स्पष्ट मत असे की तिचा नाद सोडून मे फ्लॉवर किंवा रेन लिली लावावी.

हट्टच असेल तर पाने पिवळी पडल्यावर कंद काढून, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, गुंडाळून, सहा ते आठ आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात फळांपासून दूर ठेवावेत. तरीही फुले पहिल्याइतकी येतीलच असे नाही. वाढत्या रोपाला अर्थातच पाणी द्यावे लागते, हेही सांगितले पाहिजे. शिवाय भांड्यांच्या पाण्यातल्या साबणाने गड्डे गेले, हा भाऊजींचा बचाव अगदीच खोटा म्हणता येणार नाही. पण कुंडीतला चिखल साबणाने झाला नव्हता.