भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवायला कोणत्या देशात जावे?

तुम्ही लिहिले आहे की दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, नंतर इंग्रजी विषय घेऊन बी.ए. आणि मग बी.एड. केले, सांगलीतल्या एका शाळेत चार वर्षे शिकवले, आणि आता जपान, दक्षिण कोरिया, थायलंड की आखात यांपैकी काय निवडावे हे ठरत नाही. मीही मराठी माध्यमातूनच आलेली इंग्रजीची शिक्षिका आहे. दोन वर्षे थायलंडच्या ईशान्य भागातल्या एका शाळेत आणि त्यानंतर आठ वर्षे मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत शिकवले. त्यामुळे तुमच्या चार नावांपैकी दोन ठिकाणांविषयी मी राहून-शिकवून आलेल्या अनुभवाने लिहू शकते, आणि उरलेल्या दोन ठिकाणांविषयी, तिथे जाण्याचे माझे प्रयत्न का फसले एवढे नक्की सांगू शकते.

आपल्याला कोणता देश आवडतो इथून तुम्ही सुरुवात केली आहे. मीही तशीच केली होती आणि त्यात जवळजवळ दीड वर्ष गेले. आपल्या परिस्थितीत त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की कोणत्या देशाचा कायदा भारतीय नागरिकाला इंग्रजीचा शिक्षक मानतो. मूळचे श्रीनगरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजी वापरणाऱ्या जगाची तीन वर्तुळांत मांडणी केली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश येतात. त्याच्या बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर असे देश, जिथे वसाहतीच्या काळापासून शिक्षण, न्यायालये आणि राज्यकारभार बऱ्याच अंशी इंग्रजीतून चालतो. आणि तिसऱ्या, वाढत जाणाऱ्या वर्तुळात जपान, कोरिया, चीन, थायलंड, जिथे ही भाषा परकी म्हणून शिकली जाते. शिक्षकांची मागणी असते ती या तिसऱ्या वर्तुळात, पण तिथले व्हिसाचे नियम शिक्षक शोधतात पहिल्या वर्तुळात. आपण मधल्या वर्तुळातले असल्यामुळे प्रत्येक देशात आपल्यासाठी वेगळी फट शोधावी लागते.

दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाला ई-२ नावाचा व्हिसा लागतो आणि इंग्रजीसाठी तो मुळात सात देशांच्या नागरिकांपुरता आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. १ जानेवारी २०१० रोजी लागू झालेल्या भारत-कोरिया सर्वंकष आर्थिक भागीदारी करारामुळे भारतापुरता त्याला अपवाद झाला, आणि पदवीसोबत इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक शिक्षक म्हणून जाण्याची सोय झाली. तुमचे बी.एड. झालेले असल्यामुळे कागदावर तुम्ही त्यात बसता. परंतु जाहिराती दिसतात त्या मुख्यतः हाग्वॉन म्हणजे खाजगी शिकवणीवर्गांच्या, आणि तिथे त्या सात देशांचाच पासपोर्ट मागतात. मी पाठवलेल्या अर्जांपैकी एकालाच उत्तर आले. तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, एवढी एकच ओळ त्यात होती, आणि ते कळवल्यावर पुन्हा पत्र आले नाही.

जपानमध्ये आपल्याला पासपोर्टपेक्षा माध्यम आडवे येते. सरकारी शाळांतल्या सहायक भाषाशिक्षकाला जो व्हिसा मिळतो, त्यासाठी उमेदवाराने जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भारतीय मुलीला ही अट सहज पुरी करता येते. आपण हिशेब मांडू या: अकरावी-बारावीची दोन, बी.ए.ची तीन आणि बी.एड.ची दोन, अशी सगळी वर्षे इंग्रजीतून झाली असे धरले तरी सातच होतात. संभाषण शिकवणाऱ्या खाजगी संस्थांचा व्हिसा वेगळ्या वर्गातला असतो आणि त्याला ही अट नाही, पण माझ्या अर्जांच्या काळात तिथेही निवड करणाऱ्यांची नजर कोरियातल्यासारखीच होती. तुम्हांला जपानची ओढ असेल तर आधी जपानी भाषा शिका आणि वेगळ्या कामासाठी जा, असे मी सांगेन. (चीनचे नाव तुम्ही घेतलेले नाही, ते बरेच झाले, जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणल्यावर त्या क्षेत्रातल्या नोकऱ्या झपाट्याने आटल्या.)

थायलंडचे दार मात्र आपल्याला उघडे आहे, आणि तिथले माझे दिवस मला अजूनही प्रिय आहेत. पदवी, पोलीस पडताळणीचा दाखला, नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यानंतर कामाचा परवाना, आणि खुरुसफा या शिक्षक परिषदेकडून मिळणारी शिकवण्याची तात्पुरती परवानगी, असा तो क्रम होता. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून भाषा-परीक्षेचे गुणही मागतात; माझ्या शाळेने टोइक परीक्षेत ६०० गुणांची अट घातली होती. दर ९० दिवसांनी इमिग्रेशन खात्याला आपला पत्ता कळवावा लागतो आणि तो दिवस विसरला तर दंड होतो.

शाळेत रुजू झाल्यावर महिन्याभरात वाय ख्रू नावाचा समारंभ झाला. ख्रू म्हणजे आपला गुरूच. हा समारंभ बहुधा गुरुवारी असतो, आणि थाई भाषेत गुरुवाराचे नाव बृहस्पतीवरून आलेले आहे. मुले गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपुढे येतात आणि फुलांची आरास अर्पण करतात. त्या आरासीत वांग्याची फुले होती आणि चक्क दूर्वा होत्या, ज्यांना तिकडे या फ्रेक म्हणतात. दूर्वा जशी झपाट्याने पसरते तशी विद्या पसरावी, असा त्यामागचा भाव एका सहकारी शिक्षिकेने समजावून सांगितला. गणपतीशिवाय दूर्वा कोणाला वाहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे त्या हातात घेताना फार संकोच वाटला.

त्याच शाळेत, बी.एड. नसलेल्या आणि याआधी कधी वर्गात उभ्या न राहिलेल्या एका युरोपीय तरुणाला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार होता आणि माहितीपत्रकावर छायाचित्र त्याचे होते. थाई भाषेत गोऱ्या परदेशी माणसाला फरंग म्हणतात. आपला फिरंगी तो हाच. भारतीयांना खेक म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ पाहुणा असा आहे. पालकांना फी भरून फरंग हवा असतो, आणि शाळा पालकांचे ऐकते. रागावून उपयोग नसतो, पण करार करताना हे ठाऊक असलेले बरे, कारण पगार त्यावरच ठरतो. माझ्याबरोबर फिलिपिन्सच्या अनेक शिक्षिका होत्या. त्यांना याची सवय झालेली होती आणि त्या मला हसत असत. जेवणाविषयी तुम्ही विचारले नाही तरी सांगते, की भाजीतही माशाचा रस घालण्याची पद्धत असल्यामुळे शाकाहारी माणसाने ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की तिथे निर्धास्त जेवावे.

आखाताचे गणित निराळे आहे. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन आणि सौदी अरेबिया या सर्व देशांत सीबीएसईशी संलग्न भारतीय शाळा आहेत, आणि तिथे तुमचे बी.एड. व सांगलीतली चार वर्षे यांना पूर्ण किंमत आहे. तुमचा उच्चार कोणत्या देशाचा, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून जागांच्या जाहिराती साधारण हिवाळ्यात येतात; माझी मुलाखत आणि नमुना पाठ हे दोन्ही व्हिडिओ कॉलवर झाले. पगारावर आयकर नसतो. तरीही भारतीय शाळांचे पगार ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांच्या मानाने कमीच असतात, त्यामुळे घरभाडे, विमानाचे वार्षिक तिकीट आणि वैद्यकीय विमा करारात आहे की नाही ते पाहून मगच आकडा तोलावा. नोकरी सोडताना मिळणारी रक्कमही विचारून घ्यावी. उदाहरणार्थ अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांची, अशी ती मोजतात. मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त असे पगारपत्रक का बनवतात, ते यावरून लक्षात येईल.

मस्कतमध्ये मी रुवी भागात राहत होते. मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येते, घड्याळात दीड तासाचा फरक आहे, दारसेटला कृष्णमंदिर आहे आणि जुन्या मस्कतमध्ये महादेवाचे. भाद्रपदात मराठी घरांतून आरत्या ऐकू येतात. एकटीने राहण्यात मला आठ वर्षांत अडचण आली नाही. तुमच्या घरच्यांना जी काळजी वाटते असे तुम्ही लिहिले आहे, ती मस्कतच्या बाबतीत करण्याचे कारण मला दिसत नाही.

पण एक गोष्ट तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवायला हवी, आणि माझ्या मते तुमची निवड त्यावरच होईल. माझ्या मस्कतच्या वर्गात बसणारी मुले त्रिशूरची, तिरुनेलवेलीची, सुरतची आणि पुण्याची होती. पाठ्यपुस्तक तेच, उत्तरपत्रिका तपासण्याचे ढीग तेच, मार्चमधली निकालपत्रके तीच. मी राहत परदेशात होते, पण शिकवत भारतातच होते. थायलंडमध्ये माझी नक्कल करत पहिले अख्खे वाक्य बोलणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मला मस्कतमध्ये आठ वर्षांत दिसले नाही. आणि थायलंडमध्ये महिनाअखेरीस जे उरत नव्हते, ते मस्कतमध्ये उरले, त्यातून भावाचे शिक्षण झाले. तुम्ही लिहिले आहे की घरकर्जाचे हप्ते तुमच्या पगारातून जातात. हप्ते असतील तोवर आखात, असे मी तुमच्या जागी ठरवले असते, आणि आखातात ओमान, कारण स्वतःच्या अनुभवावरून हमी देता येईल अशी तीच एक जागा माझ्याकडे आहे.

तुमच्या यादीत नसलेल्या मालदीवचाही विचार करून पाहा. तिथल्या शाळांत शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे आणि भारतीय शिक्षक तिथे पूर्वीपासून जात आले आहेत. माझी एक सहकारी एका लहानशा बेटावर तीन वर्षे राहिली. खर्च करायला जागाच नव्हती असे ती म्हणते, परंतु पगार रुफियात मिळतो आणि डॉलर करून घरी पाठवण्यावर बँकांच्या मर्यादा असतात, हे तिला गेल्यावर कळले. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत. तिची बोटभर उंचीची गणेशमूर्ती विमानतळावर काढून घेतली गेली. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधीच समजून घ्यावे.

एजंटाकडे जाणार असाल तर त्याची परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंद आहे का ते स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. माझ्याकडे एकाने दीड लाख मागितले होते आणि ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगितले होते. असे वाक्य कानावर पडले की उठून यावे. २०२२ मध्ये थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने गेलेल्या भारतीयांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे उघड झाले, आणि परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला.

कागदपत्रांना मात्र आजच लागा, देश ठरण्याची वाट पाहू नका. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर आधी राज्य सरकारचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर, लागते. ओमान हा ॲपोस्टिल मान्य करणारा देश आहे. अमिरातीसाठी दूतावासाचा आणखी एक शिक्का घ्यावा लागतो. माझे सहा आठवडे या शिक्क्यांपेक्षा नावात गेले. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि शेवटी आईचे नाव छापतात, तर पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव दुसऱ्या रकान्यात असते, आणि आईचे नाव आपल्या नावाला जोडून येत नाही. परदेशातल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बाया वाटतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले इंग्रजी प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि जायच्या आधी लग्न ठरत असेल तर करार पूर्ण होईपर्यंत पासपोर्टवरचे नाव बदलू नका.