आधी भिंत बघ

टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा, तापलेला विद्युतभारित वायू, चुंबकांनी धरून ठेवणारं यंत्र. त्यातला एखादा शॉट, म्हणजे प्लाझ्माची एक खेप, बिघडला की तू लगेच चुंबकांच्या करंटकडे धावतोस. आधी भिंतीची विचारपूस कर बाबा. आपल्या लातूरकडं उन्हाळ्यात नवा रांजण आधी पाणी पितो, मग पाझरत बसतो ना? टोकामॅकची भिंतही हायड्रोजन पिते नि ऐन शॉटमध्ये सोडते. प्लाझ्माची घनता मग तुझ्या हातात राहत नाही. पाण्याची वाफ चिकटलेली असली तर ऑक्सिजन सुटतो, प्लाझ्मा ऊर्जा प्रकाशात उधळून थंड पडतो. भिंतीतून सुटणाऱ्या टंगस्टन धातूचं तर विचारूच नको, प्लाझ्माच्या गाभ्यात १०,००० कणांमागं एखादा अणूसुद्धा जड जातो. म्हणून पात्र उघडून पुन्हा बंद केलं की आधी तापवणं, मग ग्लो डिस्चार्ज (विरळ वायूत वीज सोडून भिंत साफ करणं), मग बोरॉनचा लेप. लेप ऑक्सिजन धरतो, पण झिजतो. शेवटचा कधी दिला, ते वहीत लिहीत जा.