मेंदूतील लयींच्या संशोधनाकडे वळताना

स्मृती आणि मेंदूतील लयी (मेंदूच्या विद्युत संकेतांची नियमित आवर्तने) यांच्या अभ्यासाकडे तुम्ही वळत आहात याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र सुरुवातीची एक-दोन वर्षे शोधनिबंधांपेक्षा गणिताला अधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. संकेतातील ठरावीक वारंवारितांचाच भाग वेगळा काढणारा फिल्टर आतून कसा चालतो हे ठाऊक नसेल तर फसगत अटळ आहे, कारण निव्वळ गोंगाट (कोणतीही लय नसलेला यादृच्छिक संकेत) जरी ४ ते ८ हर्ट्झच्या अरुंद फिल्टरमधून काढला, तरी पडद्यावर सुबक थीटा लय, म्हणजे याच वेगाची मंद लय, दिसू लागते. म्हणून कोणतीही प्रक्रिया न केलेली मूळ नोंद रोज स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातील) थीटा लय त्याच्या हालचालीशी घट्ट निगडित असते; त्यामुळे स्मरणाच्या वेळी ती वाढलेली आढळल्यास, उंदीर तेव्हा अधिक वेगाने धावत होता का, हे आधी तपासावे. माणसाच्या ईईजीमधील (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीतील) गॅमा या थीटापेक्षा बऱ्याच जलद लयीबाबत तर याहून अधिक दक्षता हवी, कारण डोळ्यांच्या व डोक्याच्या स्नायूंचे विद्युत संकेत तिच्यात सहज मिसळतात.

वाचनाची सुरुवात मेंदूवैज्ञानिक जॉन ओ'कीफ यांच्या १९९३ सालच्या निष्कर्षापासून करावी: उंदीर विशिष्ट जागेतून पुढे सरकतो, तशी त्या जागेशी जोडलेली पेशी थीटाच्या प्रत्येक आवर्तनात आदल्यापेक्षा थोडी लवकर सक्रिय होते. माझ्या मते लय आणि माहिती यांच्या नात्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेच्या कीर्तीऐवजी, तेथील विद्यार्थी आपल्या कच्च्या नोंदी आणि विश्लेषणाचे प्रोग्रॅम एकमेकांना मोकळेपणाने तपासू देतात का, याची चौकशी करावी.