खेळघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे मित्र स्प्रेडशीटवर बेसबॉलची लीग खेळतो. चार संघ, प्रत्येकी ६० सामने. .३०० सरासरीचा (दहा ॲट-बॅटमध्ये, म्हणजे फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांत, तीन हिट) हुकमी बॅटर सुमारे २४० ॲट-बॅटनंतर .२५५ वर रखडला. सामन्याआधी आम्ही ‘फॉर्म’चा फासा टाकतो : १ पडला तर सरासरीतून .०६० वजा, ६ पडला तर तेवढेच अधिक. हा फासा काढावा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : फाशाला उगाच बोल लावू नका. .३०० च्या बॅटरचे प्रमाण विचलन (निव्वळ नशिबाने सरासरी किती वर-खाली होते, त्याचे माप) २४० ॲट-बॅटमध्ये .०३० येते; रोज बदलणारा फॉर्म त्यात जवळजवळ काहीच भर घालत नाही. एकच फॉर्म दहा-दहा सामने टिकवलात, तर मात्र ते .०३३ होईल. चार संघांत ३६ बॅटर धरले, तर त्यांतले दोघे-तिघे आपल्या सरासरीच्या .०४५ खाली जाणारच. अमेरिकेतल्या १६२ सामन्यांच्या हंगामात ६०० ॲट-बॅट मिळाले, तरी विचलन .०१९ उरतेच.

तरीही खेळाडू ‘आपल्यासारखा’ खेळायला हवा असेल, तर प्रत्येक बॅटरला चिठ्ठ्यांची वेगळी पिशवी द्या. एका स्तंभात ० ते ९९, शेजारी रँड (RAND, यादृच्छिक आकडा काढणारे सूत्र), त्यावर क्रम लावा आणि आकडे लगेच ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा. रँड शीटमधल्या प्रत्येक बदलाला नवा आकडा काढतो. पेस्ट करायचे राहून गेले आणि पुन्हा क्रम लागला, की पिशवी मधेच पिसली जाते. प्रत्येक ॲट-बॅटला वरून एक आकडा घ्या, तो परत टाकू नका. ८० संपले की पुन्हा शंभर भरून पिसा. विचलन .०३० वरून .०१३ वर येते. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस; तो ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत) आधी साध्या फाशानेच ठरवा.

पिशवीत ‘हिट’ वा ‘आउट’ लिहू नका, नाहीतर समोरचा पिचर (चेंडू टाकणारा) निरर्थक ठरतो. शक्यता दर वेळी काढा : बॅटर .३००, पिचर .२२० (त्याच्याविरुद्ध बॅटरांची सरासरी), लीग .२५० (सगळ्यांची सरासरी). प्रत्येकाचा ‘हिट भागिले आउट’ काढा : .४२९, .२८२, .३३३. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याने भागला की .३६३, तो १.३६३ ने भागला की .२६६. म्हणजे ० ते २६ आले तर हिट. (१९६१ च्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे-कार्डांच्या बेसबॉल खेळाने हे गणित टाळले : तिथे एक फासाच ठरवतो की निकाल बॅटरच्या कार्डावर पाहायचा की पिचरच्या.)

आणि तो स्तंभ लपवून ठेवा. उरलेल्या चिठ्ठ्या मोजून नेमक्या वेळी पिंच-हिटर (बदली बॅटर) उतरवणारा एखादा मित्र चौघांत निघतोच.