वाचकांचे प्रश्न : पाणबुडीला तेल कोणतं, हवा किती?

प्रश्न : एका माणसापुरती पाणबुडी बनवतोय. आत हजार लिटर हवा राहते. बाहेरच्या मोटरीत पाणी शिरू नये म्हणून तेल भरायचंय. धरणाचं पाणी नासू नये म्हणून करडईचं तेल चालेल का? दोन तासांना ऑक्सिजन किती लागेल?
— एक वाचक, ता. पैठण

उत्तर : करडईचं नको. हवा लागली की ते चिकट होऊन वाळतं. सील आणि कम्युटेटरवर (मोटरीतला फिरता भाग, ज्याला टेकून कार्बन ब्रश वीज पोचवतात) राळेसारखा थर बसतो. फूड ग्रेड व्हाइट ऑइल (शुद्ध केलेलं खनिज तेल) घ्या, ४० अंशांना १० ते १५ सेंटिस्टोकचं (हे दाटपणाचं माप). त्याहून दाट तेलात कार्बन ब्रश उचलले जातात, ठिणग्या पडतात, तेल काळं होतं. भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्यात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.

ओ-रिंग (सीलची रबरी कडी) आणि तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवणारी पिशवी नायट्राइलचीच (तेल सोसणारं रबर) हवी. सायकलची ट्यूब खनिज तेलात फुगून ढिली पडते. भरताना मोटर हलवत सगळे बुडबुडे काढा. पिशवीत जागाही ठेवा : ५ लिटर तेल २५ अंशांवरून ४५ वर गेलं की सुमारे ७० मिली वाढतं, आणि वैशाखात ट्रॉलीवर उभी पाणबुडी तेवढी सहज तापते.

आता हवा. ऑक्सिजनच्या आधी कार्बन डायऑक्साइड घात करतो. हलकं काम करणारा माणूस तासाला साधारण २८ लिटर ऑक्सिजन घेतो आणि २२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे तुमच्या पाणबुडीत अर्ध्या तासाच्या आतच १ टक्का, दीड तासाच्या आत ३ टक्के. तेव्हा डोकं ठणकतं, धाप लागते, ऑक्सिजन मात्र अजून १७ टक्के असतो. म्हणून पंखा बसवलेला सोडा लाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) डबा आधी, ऑक्सिजनचा सिलिंडर नंतर. एक किलो सोडा लाइम साधारण १२० लिटर कार्बन डायऑक्साइड शोषतो. डबा ठोकून गच्च भरा, पोकळी राहिली तर हवा शुद्ध न होता तिथूनच निसटते. वापरून जांभळा झालेला सोडा लाइम ठेवून दिला की पुन्हा पांढरा दिसतो, तेव्हा रंगावर विसंबू नका, वापरलेले तास लिहा.

बुडी दोन तासांची असली तरी, खाली अडकलात तर म्हणून, साठा ७२ तासांचा हवा : सुमारे २,००० लिटर ऑक्सिजन, १३ किलो सोडा लाइम. दीड घनमीटरचा (१,५०० लिटरचा) एक सिलिंडर पुरत नाही. आत वायुदाबमापक लावा. काटा चढत राहिला, तर ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त सुटतोय. हवेतला ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की कापडही भडकतं.

पहिली चाचणी शेततळ्यात, आत माणूस न बसवता. नाथसागराचं (पैठणच्या जायकवाडी धरणाचं) पाणी संभाजीनगर-जालन्याला प्यायला जातं, शिवाय तिथं पक्षी अभयारण्य आहे. परवानगीशिवाय उतरू नका.

प्रश्न : ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचे आटे जाम आहेत. थोडं ग्रीस लावू का?
— हीच पाणबुडी बनवणाऱ्यांतील एक जण

उत्तर : मुळीच नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये साधं तेल-ग्रीस आपोआप पेटतं. मोटरीच्या तेलाचा हात लागलेला पानाही तिथं वापरू नका. रेग्युलेटर बदला, आणि व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा; झटक्यानं उघडला की आतला वायू दाबला जाऊन तापतो.